हरला तरी तारखेला हजर राहणारा वकील

सेलूतून बोलतोय. इअरफोन लावा आणि दोन-चार मिनिटं द्या.

आज एका वकिलाबद्दल बोलू. नाव विनय वोरा. वकिलांच्या यादीत शोधू नका, कारण हा माणूस सिनेमातला आहे. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' 2015 साली आपल्याकडे लागला. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. वोराचं काम विवेक गोम्बर यांनी केलंय.

केस अशी. नारायण कांबळे हे म्हातारे लोकशाहीर. नागपूरचे वीरा साथीदार यांनी ही भूमिका केली. मुंबईत गटारात उतरणारा एक कामगार मरतो. पोलीस म्हणतात, शाहिराचं गाणं ऐकून त्यानं आत्महत्या केली! वोरा शाहिराची बाजू घेतो.

आता तुम्हाला वाटेल, हा टेबलावर मूठ आपटणार, डायलॉग मारणार, टाळ्या घेणार. तसलं काही नाही. वोरा शांतपणे प्रश्न विचारतो. कामगाराची बायको साक्षीला येते. नवऱ्याजवळ सुरक्षेचं साधन होतं का? नव्हतं. तो आत्महत्येचं कधी बोलला होता का? नाही. आत विषारी वायू आहे की नाही हे तो झुरळं बघून ओळखायचा. झुरळ बाहेर आलं, म्हणजे आत हवा आहे. ऐकताना अंगावर काटा येतो.

वोरा घरचा सुखवस्तू. त्याच्या गाडीत जॅझ वाजतं. ही केस घेतली नसती तर त्याचं काहीच अडलं नसतं. तरी शाहिराच्या जामिनाचे पैसे तो स्वतः भरतो. एका प्रकरणात कोर्टात बोलला म्हणून त्याच्या तोंडाला काळं फासलं जातं. तो घरी येऊन रडतो. आणि पुढच्या तारखेला पुन्हा उभा राहतो. तिकडे शाहिराला यूएपीएखाली परत अटक होते आणि कोर्टाला उन्हाळी सुट्टी लागते.

'टू किल अ मॉकिंगबर्ड' या 1960 च्या अमेरिकन कादंबरीतला ॲटिकस फिंच हा जगातला सगळ्यात नावाजलेला काल्पनिक वकील. तोही केस हरतोच. म्हणजे हे दोघं लक्षात राहतात ते निकालामुळे नाही. समोरच्या माणसाला कुणीतरी उभं राहणारं हवं होतं, आणि हे उभे राहिले, म्हणून.

आता म्हणाल, मुंबईच्या गटाराचं आपल्याला काय? मे 2023 मध्ये आपल्याच परभणी जिल्ह्यात, सोनपेठ तालुक्यात, सेप्टिक टँक साफ करताना पाच मजूर गेले. पाच! माणसाला असं उतरवायला 2013 च्या कायद्यानं बंदी आहे. गटारातल्या मृत्यूसाठी 10 लाख भरपाई द्या, असं सुप्रीम कोर्टानं 2014 मध्ये सांगितलं. ऑक्टोबर 2023 मध्ये ती रक्कम 30 लाख केली. पण निकाल आपोआप कुणाच्या घरी चालत येत नाही. कागद काढावे लागतात, अर्ज करावा लागतो, तारखेला कुणीतरी जावं लागतं.

म्हणून एक कामाची गोष्ट लक्षात ठेवा. 1987 च्या विधी सेवा कायद्यानं गरिबाला सरकारी खर्चानं वकील मिळतो. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीतला माणूस यांना तर उत्पन्नाची अटही नाही. तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे जा, नाहीतर 15100 वर फोन लावा. नंबर आत्ताच सेव्ह करा. तुम्हाला नाही लागला तरी गल्लीत कुणाला तरी लागेल.

आणि जी पोरं-पोरी लॉ करतायत, त्यांना एकच विनंती. वकिलीत पैसा कमवा, गाडी घ्या, काही वाईट नाही त्यात. फक्त वर्षातून एखादी तरी अशी केस घ्या, जिच्यात फी नाही, फोटो नाही आणि जिंकायची खात्रीही नाही.

'कोर्ट' बघा. हळू चालतो, मध्ये फोन हातात घेऊ नका. कसा वाटला ते कळवा. भेटू पुढच्या भागात!