खणातलं परिपत्रक

आज पदवी घेणाऱ्या मुला-मुलींनो,

तुमचं अभिनंदन. मनापासून करते, पण लांबवत नाही. तुमच्यातले निम्मे फोटोसाठी खोळंबलेत आणि उरलेल्यांना शेवटची एसटी गाठायची आहे. ‘पदव्युत्तर आणि संशोधक विद्यार्थ्यांच्या व्यावसायिक विकासावर पंधरा मिनिटं बोला’, असं मला आलेल्या पत्रात लिहिलं होतं. आमच्या वेळी व्यावसायिक विकास हा शब्द नव्हता. विभागात एक टेबल होतं, टेबलाला खण होता आणि खणाला कुलूप. मी त्या खणाबद्दलच बोलणार आहे.

1982 साली मी वनस्पतिशास्त्रात पीएच.डी.ला नाव नोंदवलं. विषय होता कोकणातल्या कातळसड्यांवरच्या वनस्पती. मे महिन्यात पाय भाजणारा उघडा जांभा, आणि ऑगस्टात त्याच जांभ्यावर बोटभर मातीत सीतेची आसवं आणि दवबिंदू. कामाचे महिने जेमतेम चार. गोळा केलेले नमुने दाबून घेऊन एसटीने हिंडायचं आणि रात्री एखाद्या शाळेच्या पडवीत स्टोव्ह पेटवून ओले टिपकागद वाळवायचे. स्टोव्हचं रॉकेलसुद्धा पदरचं. वडील प्राथमिक शिक्षक, माझ्यामागे तिघं भावंडं.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये आमच्या विभागात संशोधन शिष्यवृत्तीचं परिपत्रक आलं. मला ते मिळालं पुढच्या जुलैत. माझ्या गाइड सरांनी खणातून भिंग आणायला सांगितलं, तेव्हा भिंगाखाली ते दिसलं. शेवटची तारीख उलटून नऊ महिने झाले होते. मी कागद हातात धरून उभी राहिले. सर म्हणाले, “अगं, तू विचारलंच नाहीस कधी.”

चाळीस वर्षं उलटून गेली तरी मला त्या वाक्याला उत्तर सुचलेलं नाही. जे आहे हेच ठाऊक नाही, ते विचारायचं कसं?

सरांना वाईट म्हणू नका. अंधारात गवताची काडी बोटांनी चाचपून तिचं नाव सांगणारा माणूस. सड्यावर माझा पाय घसरला, तेव्हा मला सावरताना स्वतःचा गुडघा फोडून घेतला होता त्यांनी. पण कागद आला की तो विभागाचा आणि विभाग म्हणजे आपण, अशी त्यांची साधी समजूत होती. मला ती समजूत महागात पडली. दुपारी एका शाळेत बदली शिक्षिका म्हणून शिकवायचं, संध्याकाळी शिकवण्या घ्यायच्या. या धावपळीत 1983चा पावसाळा हातचा गेला. कातळावर काम करणाऱ्याचा एक पावसाळा गेला की वर्ष गेलं.

त्याच सुमारास पुण्यातल्या एका हर्बेरियममध्ये मी कुकचे खंड बघायला गेले. थिओडोर कुकने मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींवर 1901 ते 1908 या काळात ग्रंथ काढला. आमच्या विषयात तिथूनच सुरुवात होते. तिथे एक गृहस्थ होते, हुद्द्याने अगदी खालचे. नमुने कागदावर शिवायचे, क्रमांक घालायचे, एवढंच काम. त्यांनी एका वहीत माझा पत्ता उतरवून घेतला. महिन्याभराने पंधरा पैशांचं कार्ड आलं: अमुक ठिकाणी परिषद आहे, जाण्यायेण्याचा खर्च मिळतो, अर्ज करा. मग कार्डं येतच राहिली. पुढच्या खेपेला मी त्या वहीतले पत्ते मोजले, एकशे बारा भरले. हे काम त्यांना कोणी दिलेलं नव्हतं आणि कार्डाचे पैसे त्यांच्या खिशातले होते. मला एका प्रकल्पात फेलोशिप मिळाली, ती अशाच एका कार्डामुळे.

प्रबंधाचं टंकलेखन कोर्टासमोरच्या एका टायपिस्टने केलं. पाच प्रती, मध्ये कार्बन. बिचाऱ्याची हयात प्रतिज्ञापत्रं करण्यात गेलेली, त्यामुळे जिथे ‘प्लांट’ येईल तिथे त्याने ‘द सेड प्लांट’ केलं. मी पांढऱ्या शाईने रात्रभर खोडत बसले. तरी एक राहिलंच. व्हायव्हाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, “ही वनस्पती जामिनावर सुटली आहे का?” हसू येण्याच्या अवस्थेत मी नव्हते. आता हसते.

त्याआधी, 1986 साली मला दिवस गेले. सातव्या महिन्यापर्यंत मी ते पदराखाली लपवलं. नोंदणी रद्द होते, असं कोणीतरी सांगितलं होतं. तसा नियम होता की नव्हता, हे मला आमच्या विभागात कोणीही सांगू शकलं नाही. मी कार्यालयात गेले नाही, कारण विचारायला जावं तर कळेल.

आज हे लेखी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2022चे पीएच.डी.चे विनियम काढून बघा. संशोधक स्त्रीला बाळंतपणासाठी 240 दिवसांपर्यंत रजा आहे, आणि सहा वर्षांच्या मुदतीवर आणखी दोन वर्षांची सवलत. दर सत्राला सल्लागार समितीपुढे तुमचं काम मांडायचं असतं, म्हणजे गाइडने मनात आणलं तरी तुम्हाला वाऱ्यावर सोडता येत नाही. प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार, याहून जास्त विद्यार्थी नकोत. जेआरएफ शिष्यवृत्तीची रक्कम 2023च्या जानेवारीपासून महिना 37,000 रुपये झाली. शिष्यवृत्तीसाठी राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती या संस्था आहेत. मन थाऱ्यावर नसेल तर टेलीमानसचा 14416 हा क्रमांक आहे, फुकट आहे.

आणि तरी गेल्या वर्षी एका महाविद्यालयात एक संशोधक मुलगी मला बाजूला घेऊन कुजबुजत विचारते, “मॅडम, बाळंतपणासाठी गाइड बदलावा लागतो का?” बाळांनो, खण अजून आहे. तो आता मोबाइलमध्ये गेलाय. पीडीएफ येते, दोन निळ्या खुणा उमटतात आणि कागद तिथेच थांबतो.

आता प्राध्यापकीच्या व्यवसायाबद्दलचं माझं जुनं दुखणं. 2010नंतर आमच्याकडे गुणांचा हिशेब आला. चर्चासत्राला इतके गुण, शोधनिबंधाला इतके. मग पैसे भरा आणि छापून घ्या अशी नियतकालिकं उगवली, पहिल्या पावसानंतर टाकळा उगवतो तशी. माझ्याकडे एकदा तीन दिवसांत निबंध स्वीकारल्याचं पत्र आलं होतं. निबंध मी पाठवलाच नव्हता.

दुसरं दुखणं तासिका तत्त्वाचं. माझी एक विद्यार्थिनी डॉक्टरेट आहे, सेट उत्तीर्ण आहे, आणि बारा वर्षं तासांवर शिकवते आहे. मे महिन्यात तिला पैसे नाहीत, कारण मे महिन्यात तास नाहीत. पोटाला उन्हाळी सुट्टी नसते, हे कुठल्याही शासन निर्णयात आलेलं मी वाचलेलं नाही. जागा भरा, एवढंच म्हणते आणि पुढे जाते. आज मंचावर बसलेल्यांना हे माझ्याकडून तिसऱ्यांदा ऐकावं लागतंय.

म्हणून प्राध्यापकी हीच एक वाट आहे, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. 2002च्या जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. मी काही वह्या चाळल्या आहेत. आंबा, फणस, वड, पिंपळ. गावामागे अख्खा सडा पसरलेला आणि वहीत सड्यावरचं एक पातं नाही. ती वही नीट लिहू शकणारी मुलं या सभागृहात बसली आहेत. हे काम आहे, असं त्यांना कोणत्या तासाला सांगितलं गेलं?

कुलसचिव घड्याळाकडे बघू लागलेत, तेव्हा आवरते. एक कबुली मात्र देऊन जाते. मी निवृत्त झाले त्या दिवशी माझ्या टेबलाचा खण रिकामा केला. तळाशी एका कार्यशाळेचं पत्र निघालं. संशोधक विद्यार्थ्यांसाठी होतं, राहण्याजेवण्याची सोय होती. शेवटची तारीख तीन वर्षांपूर्वीची. ते दुसऱ्या कोणी ठेवलेलं नव्हतं. सरांवर आयुष्यभर राग धरलेल्या बाईच्या खणात ते पडून होतं, आणि तीन वर्षांत मला कोणी विचारलंही नव्हतं.

तुमच्यातलं कोणी उद्या गाइड होईल, कोणी विभागप्रमुख, कोणी कार्यालयात बसेल. तुमच्या हातात कागद येतील. ज्या दिवशी आला, त्याच दिवशी पुढे पाठवा. ज्याला लागेल त्याला पाठवा, आणि ज्याला लागणार नाही असं तुम्हाला वाटतं, त्याला आधी पाठवा. ‘तू विचारलंच नाहीस’ हे वाक्य तुमच्या तोंडून कोणालाही ऐकावं लागू नये.

आज घरी गेलात की फोटो टाकण्याआधी एवढं करा: तुमच्याकडे येऊन थांबलेलं एक परिपत्रक शोधा आणि तुमच्या मागच्या वर्गातल्या मुलांना पाठवून द्या.