आर्सचे पाद्री
(धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगीं दिलेलें भाषण)



आपल्या देवळाच्या ह्या महोत्सवांत धर्मगुरूच्या पाचारणाविषयीं चार शब्द बोलावे, अशी आम्हांस आज्ञा झाली आहे. अशा प्रसंगीं येथें सेवा करून गेलेल्या पाद्र्यांचीं नांवें वाचून दाखविण्याची रीत आहे, व ती योग्यच आहे. परंतु पाद्री येतो कोठून, त्यास घडवितें कोण, हें त्या यादीवरून कळत नाहीं. म्हणून आम्ही अशा एका पुरुषाची कथा निवडली आहे, कीं ज्यांस परीक्षकांनीं नापास ठरविलें, आणि ज्यांस १९२९ सालीं पोप अकरावे पायस ह्यांनीं जगांतील सर्व धर्मग्रामांच्या पाद्र्यांचे आश्रयदाते संत म्हणून नेमिलें. ते म्हणजे संत जॉन मारी व्हियान्नी.

त्यांचा जन्म ८ मे १७८६ रोजीं फ्रान्स देशांत, ल्योन शहराजवळच्या दार्दिली गांवीं, एका शेतकऱ्याच्या घरीं झाला. ते तीन वर्षांचे असतां राज्यक्रांति झाली. पुढें जे पाद्री नव्या सरकारची शपथ घेईनात त्यांच्या वांट्यास तुरुंग, हद्दपारी किंवा मरण आलें. एखाद्या कोठारांत वेष पालटलेला पाद्री गुपचूप मिस्सा करी, आणि व्हियान्नींचें कुटुंब अंधारांतून चालत तेथें जाई. १७९९ सालीं जॉनचें पहिलें कम्युनियन झालें, तें एकुली गांवच्या एका घरांत, खिडक्या लावून. आंतला उजेड बाहेर दिसूं नये म्हणून खिडक्यांसमोर गवताच्या गाड्या आणून लाविल्या होत्या, व गडीमाणसें कांहींच घडत नसल्याप्रमाणें गवत उतरवीत होतीं. त्या गाड्या आमच्या मनांतून जात नाहींत. ह्या मुलाच्या पाचारणाचा उगम शोधावयाचा तर तो ज्या पाद्र्यांनीं जीव धोक्यांत घातला त्यांच्यापाशीं शोधावा, तसाच ज्या शेतकऱ्यांनीं गवत आड केलें त्यांच्यापाशींही शोधावा.

पाद्री होण्याची इच्छा मुलानें बोलून दाखविली तेव्हां बापास ती रुचली नाहीं. शेतावरचे दोन हात कमी होणार होते. आईनें हळूहळू मन वळविलें. वयाच्या विसाव्या वर्षाच्या सुमारास ते एकुलीचे पाद्री बाले ह्यांच्या घरीं शिकूं लागले. लहानपणीं शाळा जेमतेम मिळालेली, आणि लॅटिन कांहीं केल्या डोक्यांत राहीना. निराश होऊन ते संत जॉन फ्रान्सिस रेजिस ह्यांच्या समाधीपर्यंत पायीं, भीक मागत यात्रेस गेले. १८०९ सालीं नेपोलियनच्या सैन्यांत भरती होण्याचा हुकूम आला. ते आजारी पडले, पलटणीच्या मागें राहिले, आणि शेवटीं ले नोए ह्या डोंगरांतल्या खेड्यांत नांव बदलून लपून राहिले. संतांच्या चरित्रांतील ह्या भागावर पांघरूण घालण्याचें कारण नाहीं. ते फरारी शिपाई होते. तेथें एका विधवेनें त्यांस थारा दिला, व ते गांवच्या मुलांस शिकवूं लागले. पुढें माफी झाली, परंतु त्यांच्या जागीं धाकटा भाऊ सैन्यांत गेला. ते घरीं परतल्यावर थोड्याच दिवसांत आई वारली.

बंधुभगिनींनो, एका मनुष्याच्या पाचारणाचा खर्च किती जणांनीं सोसला तें पाहावें. आज आपल्या घरांतून एक किंवा दोन मुलें असतात, आणि पाद्री पाहिजे तो शेजाऱ्याच्या घरांतून यावा असें आपणांस वाटतें. हें बोलणें महोत्सवास शोभत नसेल, तरी बोलल्यावांचून राहवत नाहीं.

१८१३ सालीं ते ल्योनच्या सेमिनरींत दाखल झाले. प्रश्न लॅटिनमध्यें, उत्तरें लॅटिनमध्यें. थोड्याच महिन्यांत त्यांस घरीं धाडण्यांत आलें. तेव्हां बाले ह्यांनीं त्यांस पुन्हां जवळ घेतलें, फ्रेंच भाषेंत शिकविलें, आणि वरिष्ठांकडे खेटे घातले. व्हिकर जनरल ह्यांनीं विद्येबद्दल विचारण्याचें सोडून तो भक्तिमान आहे काय, जपमाळ नीट करतो काय एवढेंच विचारलें, व बाकीचें देवाच्या कृपेवर सोंपविलें, असें सांगतात. १३ ऑगस्ट १८१५ रोजीं ग्रेनोबल येथें त्यांस गुरुदीक्षा मिळाली. वय २९. ते एकटेच पायीं गेले होते. आप्तांपैकीं कोणी हजर नव्हतें. इतकें होऊनही पापनिवेदन ऐकण्याची परवानगी त्यांस लगेच दिली नाहीं. ती कांहीं महिन्यांनीं मिळाली तेव्हां त्यांच्यापुढें पहिलें पापनिवेदन करावयास गुडघे टेकले ते त्यांचे गुरु बाले ह्यांनींच.

बाले १८१७ च्या डिसेंबरांत वारले. दोन महिन्यांनीं व्हियान्नींस आर्स येथें पाठविलें. वस्ती सुमारें २३० माणसांची. धुक्यांत वाट चुकली, ती एका मेंढपाळाच्या मुलानें दाखविली. तेथें देऊळ रिकामें आणि दारूचे गुत्ते भरलेले. नवे पाद्री पहाटेपूर्वींच देवळांत जाऊन बसत. जेवणाच्या वेळीं ते घरोघर जात, आणि आधीं पिकांची, गुरांची चौकशी करीत. प्रवचन रात्र रात्र जागून पाठ करावें आणि व्यासपीठावर मध्येंच विसरावें, असेंही झालें. आपल्यांतील जे पाद्र्यांचें प्रवचन घड्याळ लावून तोलतात त्यांनीं ह्याची नोंद घ्यावी. नाचाविरुद्धची त्यांची कठोर भाषा आज आम्हांस जड वाटते. आर्सच्या तरुणांसही तेव्हां ती आवडली नव्हती. परंतु गुत्ते एकामागून एक बंद झाले, आणि १८२४ सालीं गरीब मुलींसाठीं शाळा निघाली.

मग दुरून माणसें येऊं लागलीं. शेवटच्या वर्षांत हजारोंच्या संख्येनें यात्रेकरू येत, व ज्यांस पापनिवेदन ऐकण्यास अपात्र समजले होते ते दिवसाकाठीं सोळा सोळा तास तेंच करीत बसत. त्यांच्या अज्ञानाबद्दल शेजारच्या कांहीं पाद्र्यांनीं बिशपांकडे तक्रारअर्ज फिरविला. तो हातीं पडतांच त्यांनीं त्यावर स्वतःची सही ठोकली. बिशपांनीं १८५२ सालीं कॅनन ही पदवी दिली, तेव्हां त्या पदाचें मानवस्त्र त्यांनीं विकून पैसे गरिबांस दिले.

हे सर्व त्यांस सुखाचें होतें असें कोणीं समजूं नये. आपण ह्या कामास लायक नाहीं, कोठें तरी एकांतांत रडत बसावें, ही ओढ त्यांस जन्मभर होती. १८४३ सालीं ते रात्रीं निघून दार्दिलीस गेले. लोक तेथवर पाठोपाठ गेले. १८५३ सालीं पुन्हां निघाले तेव्हां देवळाची घंटा वाजली आणि गांवानें वाट अडविली. ते परतले व पापनिवेदनाच्या आसनावर जाऊन बसले.

१८५९ च्या जुलै महिन्यांत फार उकाडा झाला. महिन्याच्या अखेरीस ते अंथरुणास खिळले. आर्सच्या लोकांनीं त्यांच्या घरावर मोठमोठीं कापडें पसरलीं, आणि खोली थंड राहावी म्हणून तीं पाण्यानें भिजवीत राहिले. ४ ऑगस्ट रोजीं पहाटे दोन वाजतां, ४१ वर्षांच्या सेवेनंतर, त्याच घरीं त्यांनीं देह ठेविला.