घराला हात लावण्याआधी

भंडारा जिल्ह्यात पावसाळा तोंडावर आला की कवेलू फेरण्याची लगबग सुरू होते. यंदा घराला हात लावण्याआधी छताचा हिशेब मांडा.

१०० चौरस मीटर छतावर १ मिलिमीटर पाऊस पडला, की १०० लिटर पाणी मिळते. पन्हाळ आणि गाळणी लावून ते विहिरीकडे वळवा. स्लॅब रात्रीही तापलेला लागतो? त्यावर चुन्याचा पांढरा थर द्या. बरेचसे ऊन परतते.

छतावर सौर संच बसवायचा असेल, तर वीजबिल हाताशी घेऊन, २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेच्या संकेतस्थळावर अर्ज करा. घरगुती ३ किलोवॅट संचाला ७८,००० रुपये केंद्रीय अनुदान आहे. आधी कागदावर आखा, मगच मिस्त्रीला बोलवा.