बिडाचे भांडे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चार माणसांसमोर उभे राहून बोलण्याची माझी ही पहिलीच वेळ आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंत झालेले. तेव्हा चुकले-माकले तर सांभाळून घ्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी आंबोळ्या केल्या होत्या. त्या खाताना अध्यक्षीणबाईंनी विचारले, "तुमच्या आंबोळीला एवढी जाळी कशी पडते हो?" मी म्हटले, "त्यात माझे कसले कौतुक? सगळे त्या भिड्याचे." त्यावर त्या म्हणाल्या, "मग यंदा वर्धापनदिनाला त्याच्यावरच बोला." मला वाटले, गंमत करतात. पण कार्यक्रमपत्रिकेत माझे नाव छापून आले, तेव्हा मात्र पळायला वाट राहिली नाही.

माझे माहेर कुडाळकडचे. तिकडे आंबोळ्या-घावन्यांच्या बिडाच्या तव्याला आम्ही भिडे म्हणतो. बीड म्हणजे ओतीव लोखंड. आमच्या घरचे शिरोलीच्या एका फौंड्रीत साचे करतात, त्यामुळे ही विद्या मला घरबसल्या मिळाली. पत्र्याची लोखंडी कढई ठोकून घडवतात. बिडाचे भांडे ठोकून होतच नाही. ओल्या चिकणमातीच्या वाळूत साचा दाबून घ्यायचा, भट्टीत बीड वितळवायचे आणि तो लाल रस साच्यात ओतायचा. साध्या लोखंडापेक्षा बिडात कोळशाचा, म्हणजे कार्बनचा, अंश पुष्कळ असतो. शंभरात दोन ते चार भाग. त्यामुळे ते कमी उष्णतेला, साधारण ११५० ते १२०० अंशांवर वितळते आणि साच्याच्या कानाकोपऱ्यात छान पसरते. पण त्याच कार्बनमुळे ते ठिसूळही होते. पत्र्याची कढई पडली तर तिला पोचा येतो, बिडाची पडली तर तिचे दोन तुकडे होतात. एवढे ध्यानात ठेवा, कारण माझी पुढची सारी कथा यातच आहे.

आपल्या भागाला बीड काही नवे नाही. किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० साली उभा राहिला, आणि त्यांचे नांगर लोखंडाचे. लोखंडाच्या नांगराने जमीन विषारी होईल, म्हणून सुरुवातीला शेतकरी तो घ्यायला तयार नव्हते म्हणे. आपल्यापैकी काहीजणी आजही काळ्या कढईकडे तशाच नजरेने बघतात.

आता माझी फजिती सांगते. माझे लग्न २००१ साली झाले. सासरी चुलीपाशी एक बिडाची कढई होती. आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, ती त्यांच्या आईने दिलेली. आतून काळी कुळकुळीत, हात फिरवला तर शाळेच्या पाटीसारखी गुळगुळीत. भिड्याला घासायचे नसते एवढे मला माहेराहून माहीत होते. पण कढईही त्याच जातीची, हे मला कुठले कळायला? मला ती कळकट वाटली. नवी सून, काहीतरी करून दाखवायची हौस. एके दुपारी सगळी निजलेली पाहून मी राख, विटकरीची पूड आणि तारेचा काथ्या घेऊन बसले. दोन तास घासली. हाताची सालटी निघाली, पण कढई आतून राखाडी, उजळ झाली. मी ती ओट्यावर दिसेल अशी उपडी ठेवली आणि शाबासकीची वाट बघत बसले.

आत्याबाई उठल्या, कढई उलटी करून पाहिली आणि म्हणाल्या, "झालं समाधान?" बस्स, एवढेच. रात्री त्यात पिठले केले, ते निम्मे बुडाला बसले. सकाळी कढई तांबडी झालेली. आत्याबाई ओरडल्या असत्या तर बरे वाटले असते. पुढे दोन महिने त्यांनी ती कढई माझ्या हाती दिली नाही. मीही मनात म्हणत होते, एका काळ्या भांड्यापायी एवढा रुसवा कशाला?

कशाला, ते पुढे समजले. मी जे मळ म्हणून काढले, तो मळ नव्हताच. तेलाचा अगदी पातळ हात तापलेल्या बिडावर बसला की तो हवेतला प्राणवायू घेऊन सुकतो आणि कडक होतो. रंगाऱ्याचे जवसाचे तेल लाकडावर सुकून जशी चकाकी येते, तशातलाच प्रकार. असे थरावर थर वर्षानुवर्षे बसतात, तेव्हा भांडे काळे आणि गुळगुळीत होते आणि पदार्थ चिकटत नाही. त्या कढईत आत्याबाईंच्या आईचे थर होते, त्यांचे स्वतःचे होते, आणि मी ते एका दुपारी घालवले.

मग त्यांनीच मला ते परत कसे आणायचे ते शिकवले, न बोलता, नुसते करून दाखवून. नवे किंवा गंजलेले भांडे आधी गरम पाण्याने आणि साबणाने स्वच्छ धुवायचे. नव्या भांड्याला गंजू नये म्हणून दुकानदार तेल किंवा मेण लावतात, ते निघायला हवे. मग विस्तवावर ठणठणीत कोरडे करायचे. मग तेल. इथे पुष्कळजणी चुकतात. तेल भरपूर चोपडले की काम लवकर होईल असे वाटते. तसे केले की ते चिकट राहते, गूळ लावल्यासारखे. तेल लावायचे आणि जणू चुकून लागले अशा बेताने दुसऱ्या कोरड्या फडक्याने सगळे पुसून काढायचे. जे उरते तेवढेच पुरे. मग मंद आचेवर धूर येईपर्यंत तापवायचे आणि आपोआप निवू द्यायचे. असे पाच-सहा वेळा. जवसाचे किंवा करडईचे तेल लवकर सुकते, पण घरात असेल ते शेंगतेलही चालते. पहिले महिनाभर त्यात कांदा परतावा, पुऱ्या-भजी तळावीत. पाणी घालून शिजवायचे पदार्थ नंतर.

भिड्याचेही तेच. आंबोळी घालण्याआधी आई नारळाची शेंडी तेलात बुडवून फिरवायची. इथे मी अर्धा कांदा नाही तर वांग्याचे देठ घेते. आणि भिडे घाईने तापवू नका. बीड हळू तापते, आणि सगळीकडे सारखे तापत नाही. मोठ्या गॅसवर मधे जळते आणि कडेला कच्चे राहते. मंद आचेवर सात-आठ मिनिटे द्या. पाण्याचा थेंब टाकला की नाचला पाहिजे. एकदा तापले की मात्र ते उष्णता धरून ठेवते. शेवटच्या दोन आंबोळ्या मी गॅस बंद करून काढते.

रोजची निगा फार नाही. भांडे कोमट असतानाच गरम पाण्याने आणि मऊ घासणीने धुवावे. पूर्वी साबण लावूच नये म्हणत, कारण राख आणि सोडा हा थर खाऊन टाकतात. हल्लीच्या भांड्यांच्या साबणाचे चार थेंब चालतात, मी लावते. पण भिजत घालायचे नाही. धुतले की लगेच विस्तवावर कोरडे करून तेलाचे बोट फिरवायचे. जुलै महिन्यात आपल्याकडे काय हवा असते ते तुम्हाला सांगायला नको. एक रात्र ओले राहिले तर सकाळी तांबडे. मी पावसाळ्यात आत वर्तमानपत्राचा कागद घालून ठेवते.

काय शिजवू नये, तेही सांगते. चिंचेची आमटी, आमसुलाचे सार, कढी, टोमॅटोचा रस्सा. आंबट पदार्थ थर सोडवतात आणि चवीला लोखंड लागते. केळफुलाची भाजी तर काळीठिक्कर होते. हिरडा आणि हिराकस मिसळून पूर्वी शाई करत, त्यातलाच हा प्रकार. आणि केलेला पदार्थ त्यात रात्रभर ठेवू नये. झुणका, पिठले, सुके मटण, बटाट्याची भाजी, भरली वांगी चिंचेशिवाय, यांना मात्र दुसरे भांडे नाही.

आणखी एक गोष्ट. २००६ साली माझ्या दुसऱ्या खेपेला रक्त तपासले, ते आठ भरले. आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई म्हणाल्या, "लोखंडी कढईत भाज्या करा, पण गोळ्या चुकवू नका." दोन्ही खरे आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, आपल्या देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांत शंभरी ५७ जणींना रक्त कमी आढळले. लोखंडाच्या भांड्यात शिजवलेल्या अन्नात लोह उतरते, हे तपासून पाहिलेले आहे. इथिओपियात लहान मुलांना अशा भांड्यातले अन्न देऊन पाहिले, तेव्हा अॅल्युमिनियमच्या भांड्यात जेवणाऱ्या मुलांपेक्षा त्यांचे रक्त जास्त वाढले. ते १९९९ साली प्रसिद्ध झाले. पण कढई म्हणजे औषध नव्हे. गोळ्या उंबऱ्यावर ठेवून कढईच्या भरवशावर राहू नका, बायांनो.

आता जे सांगायचे जिवावर येते, ते सांगते. कढई पुन्हा काळी झाली, माझ्या हाती आली, आठ वर्षे मी ती वापरली. २००९ च्या जुलैत एके सकाळी मुलांच्या शाळेची घाई. कढई रिकामीच गॅसवर राहिली होती आणि धूर निघाला. मी घाबरून बादलीतले गार पाणी तांब्याने त्यात ओतले. टण्ण असा आवाज आला. काठापासून बुडापर्यंत केसासारखी रेघ. तापलेले बीड एकदम निवले की आखडते, आणि त्याला वाकता येत नाही. मग ते तडकते.

मी ती कढई माळ्यावर पोत्याखाली लपवली. आत्याबाईंनी विचारले, तर म्हटले शेजारी दिली आहे. तेव्हा त्यांना मोतीबिंदूमुळे नीट दिसत नव्हते. रोज विचारायच्या, "आणली का ग?" मी रोज नवे कारण सांगायची. आठ दिवस माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. नवव्या दिवशी शेजारीण आमच्या दारात आली आणि आत्याबाईंनी तिलाच विचारले. ती बिचारी म्हणाली, "कसली कढई?"

मी माळ्यावरून कढई काढून त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी बोटाने ती रेघ काठापासून खालपर्यंत चाचपली. म्हणाल्या, "गार पाणी ओतलंस व्हय?" मी हो म्हटले. "मग तसं म्हणायचं की. फुटलं त्याचं काय न्हाई, आठ दिवस मला येडी केलीस." आणि मग, खोटे कशाला सांगू, पंधरा दिवस सगळ्या गल्लीला ती हकिगत त्यांनी ऐकवली. मी कपडे वाळत घालायला बाहेर गेले तरी बायका हसायच्या.

बीड जोडणे कठीण, आणि अन्नाच्या भांड्याला तर जोडून उपयोगही नाही. ह्यांनी ती फौंड्रीत नेऊन मोडीबरोबर भट्टीत घातली. आत्याबाईंनी विचारले, "तिचं काय झालं?" हे म्हणाले, "पंपाचा कसला तरी भाग झाला असंल, आई." त्यानंतर शेताकडे गेलो आणि कुणाच्या विहिरीवर मोटर चालू असली, की आत्याबाई थांबायच्या, कान द्यायच्या आणि म्हणायच्या, "चालतीया बघ माझी कढई."

नवी कढई आम्ही दोघींनी बाजारातून आणली. त्यांनी बोटाने वाजवून, उजेडाकडे धरून निवडली. तेल मी लावायची आणि पुसले की नाही ते त्या हात फिरवून सांगायच्या. "अजून लई हाय, पूस." त्या २०१७ साली गेल्या. कढई आता चांगली काळी आहे.

गेल्या दिवाळीला माझ्या मुलीने तिच्या पगारातून झाकणाचे एक बिडाचे भांडे आणले. त्याला ती कॅसरोल म्हणते. आपण पोळ्यांच्या गरम डब्याला कॅसरोल म्हणतो, तो हा नव्हे. हे थेट विस्तवावर चढते. इंग्लंडात अब्राहम डार्बी नावाच्या माणसाने बिडाची भांडी वाळूच्या साच्यात ओतण्याची सनद १७०७ साली घेतली, असे तिने वाचून दाखवले. झाकणच दोन शेर वजनाचे. पण त्यामुळे वाफ बाहेर जात नाही, ती झाकणाला लागून परत खाली ठिबकते. मटण त्यात मंद आचेवर दोन तास ठेवले तर फार थोडे पाणी लागते. माझी आई धोंडस करायची तेव्हा जाड भांड्यावर झाकण आणि झाकणावर निखारे ठेवायची. मला त्याचीच आठवण झाली. मुलीच्या भांड्याला आतून काचेसारखा मुलामा आहे. त्याला तेल मुरवायला नको, आंबटही चालते. पण रिकामे तापवले किंवा लोखंडी उलथने लावले तर तो टवका उडतो, आणि टवका उडाला की भांडे कामातून गेले. गार पाण्याचे भय त्यालाही आहेच. मी तिला आल्याबरोबर आधी तेवढे सांगितले.

माझ्या मनगटाला आता ही वजने झेपत नाहीत, हेही खरे. भरलेली कढई उचलताना मी ह्यांना हाक मारते. वरण-भाताला कुकर, आंबटाला स्टील. सगळेच बिडात करा असे मी म्हणणार नाही.

तुमच्यापैकी कुणाच्या माळ्यावर गंजलेला तवा, कढई, आप्पेपात्र पडले असेल तर भंगारात घालू नका. गंज कितीही असो, तो निघतो. फक्त तडा आहे का ते आधी पाहा. दोरीला टांगून बोटाने वाजवा. नाद लांबला तर ठीक, बद्द वाजले तर सोडून द्या. येत्या गुरुवारी दुपारी तीननंतर माझ्याकडे घेऊन या, आपण मिळून तेल मुरवू. येताना जुने सुती फडके मात्र आणा, माझ्याकडची संपली आहेत.