पुरावा पानावर दाखवा
(परभणी जिल्ह्यातील नवदीक्षित बौद्ध कुटुंबांपुढे केलेले भाषण)



10 डिसेंबर 2024 रोजी परभणीच्या रेल्वे स्थानकाजवळ, बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. आपण सारे संतप्त झालो, आणि ते योग्यच होते. परंतु ज्या ग्रंथाचा आपणांस एवढा अभिमान, तो आपल्यापैकी कितीजणांनी उघडून वाचला आहे? ग्रंथाचे रक्षण केवळ पहाऱ्याने होत नाही. त्यातील शब्द जाणणारा वाचकही लागतो.

एक उदाहरण घ्या. ‘राखीव जागा दहाच वर्षांसाठी होत्या’ हे वाक्य चावडीवर, एस.टी.त, कचेरीत आपल्या कानी पडते. ते ऐकून आपली मुले एक तर मान खाली घालतात, नाही तर भांडतात. दोन्ही व्यर्थ आहे. त्यांनी शांतपणे विचारावे, ‘हे कोणत्या कलमात लिहिले आहे?’

शोधावयास गेले असता ती मुदत कलम 334 मध्ये सापडते. ते कलम लोकसभेतील व विधानसभांतील राखीव जागांचे आहे. 1950 साली तेथे दहा वर्षे होती. संसदेने घटनादुरुस्ती करून ती वेळोवेळी वाढविली. 104 व्या दुरुस्तीने ती 80 वर्षे, म्हणजे जानेवारी 2030 पर्यंत झाली. आता शिक्षणाचे कलम 15(4) आणि नोकऱ्यांचे कलम 16(4) उघडा. तेथे वर्षांचा आकडाच नाही.

यावरून काय सिद्ध होते? दहा वर्षांची मुदत निवडणुकीच्या जागांना होती; नोकरी व शिक्षण यांना नव्हती. एवढेच. ‘राखीव जागा सदैव राहतील’ असे त्यावरून सिद्ध होत नाही. पुरावा जेथे थांबतो तेथे आपणही थांबले पाहिजे. नाही तर प्रतिपक्षात आणि आपल्यात फरक तो काय राहिला?

आपल्या विरुद्ध जाणारा मजकूरही झाकून ठेवू नये. 1950 च्या अनुसूचित जाती आदेशाचा तिसरा परिच्छेद बौद्धांस वगळीत होता. 1956 साली दीक्षा घेतलेल्यांस केंद्राच्या सवलती मिळेनात, त्याचे मूळ तेथे होते. 1990 साली त्या परिच्छेदात बौद्धांचा समावेश झाला. म्हणून ‘दीक्षा घेतली, आता मुलांच्या सवलती गेल्या’ असे कोणी भिववील, तर ज्यांची मूळ जात अनुसूचीत आहे त्यांनी ती दुरुस्ती दाखवावी.

तथागतांनी केसपुत्त येथील कालामांस सांगितले होते की, परंपरा म्हणून वा ग्रंथात आहे म्हणून कोणतीही गोष्ट स्वीकारू नका. मग आपण ग्रंथाचा पुरावा का द्यावा? कारण कायदा काय म्हणतो, हे त्याच्या शब्दांवरूनच ठरते. तो न्याय्य आहे की नाही, हे मात्र आपल्या विवेकाने ठरवावयाचे असते. तिसरा परिच्छेद लिहिलेला होता, म्हणून तो न्याय्य ठरला नाही. तो नीट वाचला गेला, म्हणूनच काय बदलून मागावयाचे हे कळले.

तेव्हा प्रत्येक रविवारी वंदनेनंतर घरात एक कलम वाचा. मुलीने वाचावे, आजीने विचारावे, ‘बाळ, हे कोठे लिहिले आहे?’ आणि मुलीने त्या ओळीवर बोट ठेवावे.

जय भीम!