देवाला आपण ‘तू’ म्हणतो

(टेंभी नाका, ठाणे येथे आदिवासी सेवाकार्याच्या हितचिंतकांच्या प्रार्थनासभेत एका सेविकेने केलेले भाषण)



वर्षभराच्या कामाचा अहवाल छापून तुमच्या हातात दिलेलाच आहे. त्यात माझी एक चूक आलेली नाही. आज तीच सांगते, कारण त्या चुकीने मला मत्तयाचा अठरावा अध्याय शिकवला.

मी शाळेत एकतीस वर्षं शिकवलं. निवृत्त झाल्यावर पाड्यांवरून ठाण्याला उपचारासाठी येणाऱ्या माणसांना सोबत करण्याचं काम घेतलं. केसपेपर काढायचा, रांगेत उभं राहायचं, औषधं समजावून सांगायची, परतीच्या गाडीत बसवून द्यायचं. एवढंच काम.

एकदा शहापूर तालुक्यातल्या एका पाड्यावरून एक कातकरी बाई आली. बरोबर पाच वर्षांची मुलगी, तापाने फणफणलेली. डॉक्टरांना दाखवून आम्ही टेंभी नाक्यावर आलो. संध्याकाळची वेळ. रिक्षा, बस, दुचाक्या. रस्ता ओलांडताना त्या पोरीने काही न बोलता आपला हात माझ्या हातात दिला. माझं नावही तिला माहीत नव्हतं. मला फार बरं वाटलं. खरं सांगते, थोडा अभिमानही वाटला.

पण तिची आई मला ‘तू’ म्हणत होती. “तू इथं राहतेस का, बाय?” आपल्या जिल्ह्यातले आदिवासी लहानथोर सगळ्यांना असंच बोलतात. त्यात अनादर नसतो. हे मला ठाऊक होतं, तरी आयुष्यभर ‘बाई, तुम्ही’ ऐकलेल्या कानांना ते टोचलं.

औषधाच्या दुकानापाशी मी तिला सगळं समजावलं. ही पूड, हे उकळून गार केलेलं पाणी, दिवसातून दोनदा, सात दिवस. कागदावर मोठ्या अक्षरांत लिहूनही दिलं. ती मान हलवत होती. मला घरी जायचं होतं.

दोन आठवड्यांनी ती परत आली. पोर पहिल्यापेक्षा जास्त आजारी. ताप उतरल्यावर तिसऱ्याच दिवशी आईने औषध थांबवलं होतं. उरलेली बाटली जपून ठेवली होती, धाकट्याला लागेल म्हणून. मी रागावले. म्हटलं, “कळलं नव्हतं तर विचारलं का नाहीस?”

ती शांतपणे म्हणाली, “तू उभीच होतीस, बाय. उभ्या माणसाला काय विचारणार?”

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी लिहून दिलेला कागद तिला वाचता येत नव्हता, आणि वाचता येतं का हे मी विचारलंही नव्हतं. ‘भोळी माणसं’ म्हणून मी मनात तिला लहान ठरवलं होतं. ती मुळीच भोळी नव्हती. दोन लेकरांत एक बाटली पुरवण्याचा हिशेब तिने केला होता. तो चुकला, कारण ताप उतरल्यावरही औषध का संपवायचं आणि उरलेलं का ठेवायचं नाही, हे कारण मी तिला सांगितलंच नव्हतं.

मग मी शुभवर्तमान उघडलं. शिष्य वाटेत भांडत होते, आपल्यात मोठा कोण? मार्क लिहितो की येशू आधी खाली बसला. मग त्याने एका बालकाला त्यांच्यामध्ये उभं केलं, कवेत घेतलं. तो बसला, हे मी इतकी वर्षं वाचत होते आणि कधी पाहिलं नव्हतं. पुढच्याच अध्यायात लोक लेकरांना घेऊन येतात आणि तेच शिष्य त्यांना दटावतात. धडा ऐकला होता, पण अंगी उतरला नव्हता. मला त्यांना हसायची सोय राहिली नाही.

बालकासारखे व्हा, हे प्रभूने कोणाला सांगितलं? जे स्वतःला कारभारी समजत होते त्यांना. समोरच्याला बालक समजा, असं त्याने कुठेच सांगितलेलं नाही. आपण नेमकं उलट करतो. आपण मोठे राहतो आणि ज्यांची सेवा करतो त्यांना लहान करतो.

पंडिता रमाबाई आठवा. 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, तेव्हा त्या वीस वर्षांच्या होत्या. 1883 मध्ये बाप्तिस्मा झाला. पण त्यांनी आपल्या साक्षीत लिहिलं आहे की त्यानंतरही सुमारे आठ वर्षं धर्म मिळाला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. रिकाम्या हाताने येणं विद्वानाला जड जातं. पुढे केडगावच्या मुक्ती सदनात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि त्या विद्येचं त्यांनी काय केलं? साध्या, कमी शिकलेल्या बायकांना कळेल अशा सोप्या मराठीत बायबल आणलं. 5 एप्रिल 1922 रोजी त्यांचं निधन झालं. हे काम त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही. एवढी विदुषी आपल्या मुलींशेजारी खाली बसली, असंच मी म्हणेन.

त्या पोरीला पुन्हा डॉक्टरांना दाखवलं. नवं औषध मिळालं. या वेळी मी फुटपाथवर तिच्या आईशेजारी बसले आणि आधी विचारलं, “तुझा दिवस कसा जातो?” तिने सांगितलं. मग तिच्याच दिवसाच्या मापाने आम्ही औषध ठरवलं: सकाळी चूल पेटली की एकदा, रात्री भाकरी झाली की एकदा. सात दिवसांसाठी तिने पदराला सात गाठी मारल्या. रोज एक सोडायची. ही युक्ती तिची, माझी नव्हे. पोर बरी झाली. देवाचे उपकार.

आता तिचं ‘तू’ मला टोचत नाही. आपण आईला ‘तू’ म्हणतो आणि देवालाही ‘तू’च म्हणतो. प्रभूने शिकवलेली प्रार्थना मराठीत म्हणताना आपण पित्याला ‘आपण’ म्हणत नाही. ज्याच्यापुढे काही लपवायचं नाही, ज्याच्याकडे मागायला लाज नाही, त्यालाच लेकरू ‘तू’ म्हणतं. ती बाई मला ‘तू’ म्हणत होती, म्हणजे दार उघडं होतं. उंबऱ्याबाहेर मीच उभी राहिले होते.

दिवाळीनंतर आपल्या पाड्यांवरची कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातील आणि पावसाच्या तोंडावर परततील. तुमच्यापैकी काही जण कपडे, औषधं, वह्या घेऊन तिकडे जाल. जरूर जा. पण वाटप सुरू करण्याआधी घटकाभर खाली बसा. त्यांनी पाणी दिलं तर घ्या. त्यांना विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

आणि रात्री प्रार्थनेत देवाला ‘तू’ म्हणाल तेव्हा, नाक्यावर न विचारता पुढे आलेला तो लहानसा हात आठवा. आपलाही हात पित्यापुढे तसाच जावो.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.