दंतमज्जा आणि मेदाचे संदेश
(कामण परिसरातील शिक्षक व पंचायत सदस्यांसाठी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दाढ दुखू लागली की लवंग चेपावी, कोणी मिश्री लावावी, आणि वेदना असह्य झाली म्हणजे दाढ काढून मोकळे व्हावे, ही रीत महाराष्ट्रातील असंख्य घरांत आजही आहे. कामण रोड स्थानकाच्या परिसरातील गावे-पाडे तिला अपवाद असण्याचे कारण नाही. दाताला निर्जीव हाड समजण्याच्या गैरसमजातून ही रीत निर्माण झाली आहे.

वस्तुतः दाताच्या पोटात दंतमज्जा नावाचा मऊ, सजीव ऊतक असतो. त्यात रक्तवाहिन्या व मज्जातंतू असून, त्याच्या कडेच्या पेशी आयुष्यभर डेंटिन तयार करीत राहतात. कीड खोल जाऊ लागली की याच पेशी आतून नव्या डेंटिनची भिंत उभारू पाहतात. परंतु दाह वाढला तर सुजेला पसरण्यास जागाच नसते, कारण सभोवती कठीण कवच! ठणका लागतो तो यामुळे.

आता मेदाकडे वळू. मेद म्हणजे केवळ साठवणीचे कोठार, ही समजूत १९९४ मध्ये ढळली. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने लेप्टिन हे प्रथिन शोधले. मेदपेशींतून रक्तात उतरून ते भूक व ऊर्जेविषयी मेंदूला संदेश देते. पुढे स्पेनमधील सेव्हिल येथील संशोधकांना हेच लेप्टिन मानवी दंतमज्जेतही आढळले, आणि दाह झालेल्या मज्जेत त्याचे प्रमाण निरोगी मज्जेपेक्षा अधिक दिसले (२०१३). प्रयोगशाळेत त्याने डेंटिनच्या घडणीशी निगडित प्रथिनाची निर्मितीही वाढविली. म्हणजे एकच रेणू दाहाच्या जागी हजर, आणि दुरुस्तीतही सहभागी. तो नेमका केव्हा कोणाच्या बाजूने असतो, हे अद्याप पुरते उलगडलेले नाही. त्यामुळे ‘लठ्ठ माणसाचे दात किडतात’ असा सरधोपट निष्कर्ष कोणी काढू नये. कीड लागते ती साखर आणि जंतूंमुळेच.

कृश मूल मेदाच्या प्रश्नापासून मुक्त असते, असेही नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातील खेड्यांतील नवजात बालकांची मोजमापे घेतली. सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. स्नायू कमी, पण कातडीखालचा मेद त्या मानाने टिकून (२००३). तो अभ्यास मधुमेहाच्या संदर्भातला होता, दातांच्या नव्हे. पण बारीक अंगावरून आतल्या मेदाचा अंदाज बांधू नये, एवढे त्यातून निश्चित कळते.

सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांमागे पहिली कायमची दाढ उगवते. तीही दुधाचीच समजून अनेक पालक दुर्लक्षितात; ती गेल्यास पुन्हा येत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या (२०१३) तपासणीत दंतविकारांचा समावेश आहे. पथक शाळेत येईल त्या दिवशी पहिली-दुसरीची मुले गैरहजर राहू नयेत, याची व्यवस्था मुख्याध्यापक व पंचायत सदस्यांनी आधीच करावी. थंड पाण्याची कळ क्षणात जाते तोवर मज्जा वाचण्याची आशा बरीच असते. कळ रेंगाळू लागली, रात्री आपोआप ठणका उठू लागला, तर दंतवैद्याकडे जाण्यास आठवड्याच्या बाजाराची वाट पाहू नये.